अंगठा नागरिकाचा, जबाबदारी कोणाची?

मराठी वाचकाला डमडम हे नाव परके नाही. कलकत्त्याच्या उत्तर वेशीवरील ह्या वस्तीतील दारूगोळ्याच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी गोळी तयार झाली, तिने हे नाव जगभर कुप्रसिद्ध केले. शरीरात शिरताच पसरणाऱ्या त्या गोळीच्या वापरावर १८९९ च्या हेग परिषदेने बंदी घातली. पुढे ह्याच डमडमच्या ग्रामोफोन कारखान्यातील तबकड्यांनी महाराष्ट्रातील घराघरांत गाणे पोहोचवले. जेसॉपच्या कारखान्यात रेल्वेचे डबे तयार करणाऱ्या कामगारांनी येथे संघटना बांधल्या. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी पाणथळ जमिनी भरून येथे वसाहती उभ्या केल्या. त्या वसाहतींतील निवृत्त कामगार, शिक्षक, नागेरबाजारातील लहान दुकानदार ह्यांच्या आयुष्यभराच्या श्रमाचे फळ म्हणजे दोन खोल्यांचे घर आणि बँकेतील थोडीशी ठेव.

ते घर नोंदवण्यासाठी हा माणूस काशीपूर-डमडमच्या अपर जिल्हा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातो. तेथे शासन त्याचे नाव, पत्ता व छायाचित्र घेते आणि बोटांचे ठसेही घेते. ह्या ठशांचे पुढे काय होते, हा प्रश्न २०२३ सालापर्यंत सामान्य माणसाला पडण्याचे कारण नव्हते. त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यांत कलकत्ता व परिसरातील अनेक बँक-खातेदारांच्या ठेवी त्यांच्या नकळत नाहीशा होऊ लागल्या, तेव्हा तो प्रश्न साऱ्या बंगालसमोर उभा राहिला. ह्या घटनांचा विचार केवळ गुन्हेवृत्त म्हणून करून भागणार नाही. ज्याने नागरिकाकडून माहिती सक्तीने घेतली आणि ज्याने त्याची ठेव राखण्याचे पत्करले, त्या दोघांची जबाबदारी कोठे सुरू होते व कोठे संपते, हा त्यातील मूळ प्रश्न आहे.

दहा बोटे आणि एक रबरी ठसा

ह्या खातेदारांनी कोणाला गुप्त क्रमांक सांगितला नव्हता, अनोळखी दुव्यावर बोट ठेवले नव्हते, की बक्षिसाच्या आमिषाला ते भुलले नव्हते. पैसे गेले ते आधार-आधारित भरणा पद्धतीच्या मार्गाने. एईपीएस ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या पद्धतीत खातेदाराचा आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि यंत्रावर टेकलेले बोट एवढ्यावर रक्कम काढता येते. कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, भ्रमणध्वनीवर परवलीचा आकडा येत नाही. एका वेळी काढावयाच्या रकमेवर दहा हजार रुपयांची मर्यादा आहे. परंतु निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धाच्या दृष्टीने दहा हजार ही साऱ्या महिन्याची शिधासामग्री असते.

मग बोट आले कोठून? पोलीस तपासाचा रोख जमिनीच्या दस्तांकडे गेला. नोंदणी कायदा १९०८ मध्ये २००१ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातील कलम ३२-अ अन्वये दस्त सादर करणाऱ्याचे छायाचित्र व बोटांचे ठसे सक्तीचे झाले. घराच्या व्यवहारात विकणारा आणि घेणारा दोघांचेही. पश्चिम बंगालमध्ये तर दस्ताला एक स्वतंत्र पान जोडले जाते आणि त्यावर दोन्ही हातांच्या दहाही बोटांचे ठसे घेतले जातात. ह्या दस्तांच्या प्रती नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून मिळवता येत होत्या. चोरांनी त्या प्रतींवरून ठसे उचलले, सिलिकॉनसारख्या पदार्थाचे बनावट बोट तयार केले, आणि अनेक दस्तांत नाव-पत्त्याशेजारीच नोंदवलेला आधार क्रमांक वापरून खाती रिकामी केली. उत्तर दिनाजपूर जिल्ह्यातील चोप्रा, इस्लामपूर ह्या भागांतून अटका झाल्या. गदारोळ झाल्यावर संकेतस्थळावरील ठसे झाकण्याची पावले उचलली गेली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. चोराने कुलूप फोडले असे म्हणावे, तर कुलूप होतेच कोठे? किल्ली शासनाने सक्तीने घेतली, चव्हाट्यावरील खुंटीला टांगली, आणि त्याच किल्लीने उघडणारे दार बँकेने खातेदाराला न विचारता बसवले. कारण आधारशी जोडलेल्या बहुसंख्य खात्यांना ही सोय ग्राहकाने मागितली नसतानाही लागू झालेली होती. आपल्या खात्याला असे दुसरे दार आहे, हे त्यातून पैसे गेल्यावरच कित्येकांना कळले.

‘सावध राहा’ हा उपदेश

अशा प्रत्येक प्रसंगी बँका व शासन ह्यांच्याकडून एकच उपदेश ऐकू येतो : ग्राहकाने सावध राहावे. सावधगिरीचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. केंद्र शासनाने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार देशातील नागरिकांनी सायबर फसवणुकीत २०२३ साली ७,४६५ कोटी रुपये गमावले. २०२४ साली ही रक्कम २२,८४५ कोटींवर गेली. एका वर्षात तिप्पट झालेली ही लूट देशातील माणसे एका वर्षात तिप्पट निष्काळजी झाली म्हणून घडली, असे कोण म्हणेल? व्यवहार यंत्रावर ढकलण्याचा वेग आणि त्या यंत्राच्या रक्षणावर होणारा खर्च ह्यांतील अंतर वाढत गेले, हे त्याचे खरे कारण आहे. बँकेच्या शाखेतील कर्मचारी कमी करणे, ग्राहकाला खिडकीपासून दूर करणे, प्रत्येक कामासाठी कंत्राटी मध्यस्थ नेमणे, ह्यांतून होणारी बचत बँकेच्या ताळेबंदात नफा म्हणून जमा होते. त्याच बचतीतून निर्माण झालेला धोका मात्र खातेदाराच्या पासबुकात नुकसान म्हणून लिहिला जातो. नफा संस्थेचा आणि जोखीम सामान्य माणसाची, ही भांडवली व्यवहाराची जुनी वाटणी येथेही चुकलेली नाही.

बंगालने ठेवींची लूट पूर्वीही सोसली आहे. १९८० साली उघडकीस आलेले संचयिता प्रकरण आणि २०१३ साली कोसळलेला शारदा समूह ह्या दोन्ही वेळी गरीब ठेवीदारालाच वर ऐकवले गेले की, त्याला जादा व्याजाचा लोभ सुटला होता. त्या आरोपात सत्याचा अंश किती, हा वेगळा विषय. परंतु २०२३ मधील खातेदाराने कोणत्या लोभाने काय केले होते? कायद्याने सांगितले म्हणून त्याने बोट दिले आणि शासनाने आग्रह धरला म्हणून खाते आधारशी जोडले. आज्ञाधारकपणा हाच त्याचा अपराध म्हणावयाचा असेल तर गोष्ट निराळी!

ठशाचा जन्म आणि रयतेचा अनुभव

बोटाच्या ठशाची जन्मकथा बंगालमध्येच घडली आहे आणि ती ह्या संदर्भात उद्बोधक आहे. १८५८ साली मुर्शिदाबाद जिल्ह्यातील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल ह्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाच्या करारावर राज्यधर कोनाई ह्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला. हेतू हा की, उद्या त्याने करार नाकारू नये. १८७७ साली हुगळीला आल्यावर त्याच अधिकाऱ्याने दस्तनोंदणी व निवृत्तिवेतन ह्यांसाठी ठसे घेण्याची पद्धत सुरू केली. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय स्थापन झाले. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोन भारतीय कर्मचाऱ्यांच्या परिश्रमातून ठशांचे वर्गीकरण साकारले. जगात मात्र ते एडवर्ड हेन्री ह्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नावाने गाजले.

ह्या साऱ्या व्यवस्थेच्या बुडाशी एक गृहीत होते : प्रजा खोटे बोलते, म्हणून प्रजेला बांधून घेतले पाहिजे. राज्यकर्त्याने प्रजेला कशाने बांधून घ्यावे, हा प्रश्न त्या व्यवस्थेत नव्हता. इंग्रज गेले, प्रजेचे नागरिक झाले, शाईच्या जागी काचेचे यंत्र आले. परंतु ठसा देणाऱ्याने सर्व काही द्यावे आणि ठसा घेणाऱ्याने कशालाही बांधील असू नये, हा एकतर्फी करार तसाच चालू राहिला.

महाराष्ट्राला ह्या एकतर्फी कराराचा अनुभव वेगळ्या रूपात आहे. सावकाराच्या रोख्यावर निरक्षर कुणब्याने केलेली निशाणी न्यायालयात अंतिम पुरावा मानली जाई. मूळ रक्कम किती, व्याज किती, फेड किती, हे कोणी विचारीत नसे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे ह्या अन्यायाचा स्फोट झाला आणि पुणे-अहमदनगर भागांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व रोखे जाळले. त्या उठावाच्या दडपणाखाली १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोख्यावरील निशाणीच्या मागे जाऊन देण्याघेण्याचा सारा इतिहास तपासण्याचे काम त्याने न्यायालयांवर सोपवले. परकीय सरकारलाही हे मान्य करावे लागले की, कागदावरील निशाणी म्हणजे सत्य नव्हे. बलवान आणि दुर्बल ह्यांच्यातील व्यवहारात पुराव्याचा भार दुर्बलाच्या डोक्यावर टाकणे म्हणजे लुटीला कायद्याचे संरक्षण देणे होय. आज यंत्राच्या पडद्यावर ‘ठसा जुळला’ अशी अक्षरे उमटली की खातेदाराचे म्हणणे संपले, असे मानणारा बँक अधिकारी १८७५ पूर्वीच्या न्यायाधीशाच्याच खुर्चीत बसलेला आहे.

इशारा मिळाला होता

हे संकट अकल्पित होते, असेही म्हणता येणार नाही. २०१८ साली तेलंगणात नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील दस्तांवरून ठसे उचलून बनावट बोटे बनवणारा मोबाइल सिमकार्डांचा एक विक्रेता पकडला गेला होता. कृती तीच, साधन तेच, मूळ स्रोतही तोच. २०२२ साली संसदेत मांडल्या गेलेल्या भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात आधार प्राधिकरणाच्या कारभारातील अनेक उणिवांवर बोट ठेवलेले होते. प्रमाणीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या उपकरणांत नागरिकांची माहिती साठवली जात नाही ना, ह्याची खातरजमा प्राधिकरणाने केलेली नव्हती, ही त्यांपैकी एक. तेलंगणातील घटनेनंतर प्रत्येक राज्याने आपापल्या दस्तसंग्रहातील ठसे झाकले असते, तर बंगालमधील खातेदार वाचला असता. पाच वर्षे हातात असूनही ते घडले नाही. कारण नागरिकाची माहिती फुटल्याबद्दल एकाही खात्याला किंवा बँकेला एक पैसाही द्यावा लागणार नव्हता. ज्या चुकीची किंमत दुसरा देतो, ती चूक सुधारण्याची निकड कोणालाच वाटत नाही.

बँक लुटली जाते तेव्हा

जबाबदारीची ही कसोटी बँकेला कशी लावली जाते, हे पाहण्यासाठी पुण्याकडे वळावे. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी सायबर दरोडा पडला. दरोडेखोरांनी बँकेच्या यंत्रणेशेजारी एक खोटी यंत्रणा उभी केली. बनावट कार्डांवरील मागण्यांना तीच मान्यता देत राहिली. अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून पैसे काढले गेले, हाँगकाँगमधील एका खात्यात रक्कम वळवली गेली आणि एकूण ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. ही हानी ठेवीदारांच्या खात्यांतून गेलेली नाही, असे बँकेने जाहीर केले आणि ते योग्यच होते. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ह्या प्रकरणातील अकरा आरोपींना दोषी ठरवले.

येथे लक्षात घ्यावयाचे ते हे : एवढी मोठी संस्था, तज्ज्ञ हाताशी असताना, दोन दिवसांत लुटली जाऊ शकते, हे सर्वांनी समजून घेतले. तिला कोणी ‘तुम्हीच सावध राहायला हवे होते’ असे सुनावून परत पाठवले नाही. मग डमडमच्या निवृत्त कामगाराकडून, सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीकडून, कोल्हापूरच्या किराणा दुकानदाराकडून बँकेपेक्षा अधिक सावधगिरीची अपेक्षा कोणत्या न्यायाने केली जाते?

नियमही खातेदाराच्या बाजूने आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील परिपत्रकाने हे तत्त्व घालून दिले की, दोष बँकेचा असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, व्यवस्थेत अन्यत्र आहे, अशा वेळी ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास तेव्हाही त्याची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास ती मर्यादित : मूलभूत बचत खात्यासाठी पाच हजार, इतर बचत खाती व लघुउद्योगांची चालू खाती ह्यांसाठी दहा हजार रुपये. तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावयाची, नव्वद दिवसांत निकाल लावावयाचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ह्या तत्त्वाला बळकटी दिली. गुवाहाटीच्या एका ग्राहकाचे ९४ हजारांहून अधिक रुपये एका विक्रेत्याच्या संकेतस्थळावरून माहिती फुटल्यामुळे गेले होते. त्याने वेळेत तक्रार केलेली होती, म्हणून भारतीय स्टेट बँकेने ती रक्कम परत केली पाहिजे, हा गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला.

तत्त्व असे स्पष्ट असताना व्यवहारात खातेदाराला शाखेतून पोलीस ठाण्यात आणि पोलीस ठाण्यातून शाखेत हेलपाटे घालावे लागतात. एक सरकारी बँक एका सामान्य ग्राहकाविरुद्ध चौऱ्याण्णव हजारांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाते, ह्यावरूनच कागदावरील हक्क आणि हातात पडणारा पैसा ह्यांतील अंतर ध्यानात यावे. किती खातेदारांना एवढी दीर्घ लढाई झेपेल?

गल्ल्यावरचा दुकानदार

लहान व्यापाऱ्याची कोंडी दुहेरी आहे. ग्राहक म्हणून त्याची फसवणूक होतेच. बनावट भरणा-पावती दाखवून माल नेणारा भामटा किंवा दुकानावरील क्यूआर चिन्हावर रातोरात आपले चिन्ह चिकटवणारा चोर त्याला नवा नाही. परंतु त्याहून मोठा घाव त्याच्यावर कायद्याच्या नावाने बसतो. कोणी चोराने त्याच्याकडून दोनशे रुपयांचा चहा-नाश्ता घेऊन चोरीच्या पैशातून भरणा केला, की दूरच्या राज्यातील पोलिसांच्या सूचनेवरून त्याचे संपूर्ण चालू खाते गोठवले जाते. घाऊक व्यापाऱ्याचे देणे थांबते, नोकराचा पगार थांबतो, कर्जाचा हप्ता चुकतो. केरळमध्ये अशा अनेक तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या तेव्हा, २०२३ साली, त्या न्यायालयाने बँकांना बजावले की, वादग्रस्त रकमेपुरताच निर्बंध घालावा. हे साधे तत्त्व सांगण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागावी, ह्यातच लहान व्यापाऱ्याची असाहाय्यता दिसून येते.

ग्राहक संरक्षण कायदाही त्याला सहज आधार देत नाही. १९८६ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्यात व्यापारी हेतूने सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला मात्र त्यात अपवाद केलेला आहे. डमडमच्या रस्त्यावरील शिंपी किंवा धारावीतील चामड्याच्या वस्तू करणारा कारागीर त्या अपवादात बसतो. परंतु हे त्याला सांगणार कोण आणि बँकेच्या वकिलासमोर सिद्ध करणार कोण?

नवा कायदा : दंड तिजोरीला, पीडिताला काय?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. त्या हक्काला आकार देण्यासाठी आलेल्या व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणजे बंगालमधील खाती रिकामी होत होती त्याच दिवसांत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरील मुख्य बंधनांसाठी आणखी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली.

ह्या कायद्यात माहितीचे रक्षण न करणाऱ्यावर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आकडा भव्य आहे. पण तो दंड भारताच्या संचित निधीत जमा व्हावयाचा आहे. ज्याचा ठसा चोरला गेला, ज्याची ठेव गेली, त्याच्या भरपाईसाठी त्यात एकही कलम नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३-अ, ज्याच्या आधारे हलगर्जी करणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागता येत होती, ते काढून टाकण्याची तरतूद ह्याच कायद्याने केलेली आहे. केंद्र सरकारला अधिसूचनेद्वारे आपल्या यंत्रणांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकार आहे. नागरिकावर मात्र स्वतंत्र ‘कर्तव्ये’ लादलेली आहेत आणि ती मोडल्यास त्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. नागरिकाचे नाव पुढे करून रचलेल्या कायद्यात नागरिकाच्या वाट्याला कर्तव्ये व दंड यावेत, आणि शासनाच्या वाट्याला सवलत यावी, हा वर्गीय राज्यसंस्थेचा स्वभाव ओळखणाऱ्यांना अनपेक्षित नाही.

ह्याच कायद्याने माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ८(१)(ञ) मध्येही बदल केला. व्यक्तिगत माहिती सार्वजनिक हितासाठी उघड करण्याची जी वाट त्या कलमातच होती, ती त्याने बुजवली. येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा भेद करणे आवश्यक आहे. जमीन कोणाची, ती कोणी विकली, कोणी घेतली, हे दस्त उघडे असलेच पाहिजेत. अन्यथा एकच घर चौघांना विकणाऱ्या बिल्डरांना आणि बेनामी जमीनदारांना मोकळे रान मिळेल. उघड असावा तो व्यवहार. झाकलेला असावा तो ठसा. आपल्याकडे नेमके उलटे घडले. सत्ताधाऱ्यांचे व्यवहार व्यक्तिगत माहितीच्या पडद्याआड गेले आणि सामान्य माणसाची दहा बोटे जगापुढे मांडली गेली.

आक्षेप आणि उत्तर

एईपीएसमुळे बँकेपासून दूर राहणाऱ्या वृद्धेला गावातच निवृत्तिवेतन मिळते, म्हणून ती सोय मोडता कामा नये, असे सांगितले जाते. ते खरे आहे. ज्याला ती सोय हवी त्याला ती मिळावी. प्रश्न न विचारता सर्वांवर लादण्याचा आहे. शिवाय सोयीची खरी कसोटी म्हणजे ती बिघडल्यावर कोण धावून येतो, ही होय. रिझर्व्ह बँकेने २७ जून २०२५ रोजी ह्या व्यवहारांची यंत्रे चालवणाऱ्यांची कसून पडताळणी करण्याचे आदेश काढले आणि १ जानेवारी २०२६ पासून ते लागू झाले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण फुटलेला ठसा बदलता येत नाही, हे सत्य त्याने बदलत नाही. गुप्त क्रमांक फुटला तर नवा घेता येतो. बोट नवे कोठून आणावयाचे?

सर्व नुकसान बँकेने सोसले तर लोक बेफिकीर होतील, खोट्या तक्रारी करतील, असा दुसरा आक्षेप आहे. खोटी तक्रार शोधून काढण्याची साधने बँकेकडे आहेत. व्यवहार कोणत्या यंत्रावर, कोणत्या गावी, कोणत्या वेळी झाला, हे तिलाच ठाऊक असते. आपले बोट त्या क्षणी डमडममध्ये होते, चोप्रा येथे नव्हते, हे खातेदाराने कोणत्या साधनाने सिद्ध करावे? पुरावा ज्याच्या हातात, भारही त्याच्याच शिरावर, हा न्यायाचा साधा नियम आहे.

शिक्षेचा प्रश्नही विसरता येणार नाही. १८ जुलै २०२५ रोजी डमडमहून फार दूर नसलेल्या नदिया जिल्ह्यातील कल्याणी येथील न्यायालयाने ‘डिजिटल अटके’ची भीती घालून एका वृद्धाला लुटणाऱ्या नऊ जणांना जन्मठेप दिली. लूट करणाऱ्याला कठोर शासन झालेच पाहिजे. तथापि अशा तपासाच्या जाळ्यात पुष्कळदा सापडतो तो थोड्या पैशांसाठी आपले खाते भाड्याने देणारा बेकार तरुण. सूत्रधार सीमेपलीकडे राहतो. बेकारी ज्या कारखान्यांच्या बंद दारांतून बाहेर पडली, त्या दारांचा विचार केल्याशिवाय केवळ पोलीस बंदोबस्ताने हे जाळे तुटणार नाही.

मागण्या आणि कार्य

ह्या साऱ्याचा निष्कर्ष थोडक्या मागण्यांत मांडता येतो. देशातील प्रत्येक राज्याच्या दस्तसंग्रहातील, जुन्या-नव्या सर्व प्रतींवरील ठसे व आधार क्रमांक झाकले जावेत. ज्यांच्या दस्तांच्या प्रती संशयास्पद रीतीने काढल्या गेल्या, त्यांना शासनाने स्वतः कळवावे. एईपीएसची सोय खातेदाराने लेखी मागितल्यावरच सुरू व्हावी. तक्रारीनंतर दहा दिवसांत रक्कम जमा करण्याच्या तत्त्वाला कायद्याचे बळ मिळावे आणि उशीर करणाऱ्या बँकेला व्याजासह भुर्दंड बसावा. माहिती संरक्षण कायद्यात पीडिताला भरपाईचा हक्क मिळावा, आणि तो शासनाविरुद्धही चालावा. लहान दुकानदाराचे खाते वादग्रस्त रकमेपलीकडे गोठवले जाऊ नये. बँकांच्या शाखांत पुरेसे कायम कर्मचारी असावेत. कारण काचेच्या पडद्याला प्रश्न विचारता येत नाही.

मागण्या मान्य होईपर्यंत हातात असलेली हत्यारे वापरणे हेही कार्यच आहे. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा एमआधार ॲपवर आपले ठसे कुलूपबंद करता येतात. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील वृद्धांना, घरकामगार स्त्रियांना, हातगाडीवाल्यांना हे करून द्यावे. पैसे गेल्याचे कळताच १९३० ह्या क्रमांकावर कळवावे आणि त्याच दिवशी, उशिरात उशिरा तीन दिवसांच्या आत, बँकेला लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. तोंडी सांगणे पुढे पुरावा ठरत नाही. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना, दुकानदारांची मंडळे आणि वस्तीपातळीवरील कार्यकर्ते ह्यांनी एकत्र बसून अशा तक्रारींची नोंदवही ठेवावी. एकट्या खातेदाराला शाखाधिकारी परत पाठवू शकतो. पन्नास खातेदारांच्या पन्नास पोचपावत्या घेऊन आलेल्या शिष्टमंडळाला त्याला उत्तर द्यावेच लागते. मुंबई असो, नागपूर असो, की कलकत्ता व सुरतेत पोटासाठी गेलेली मराठी वस्ती असो, हे काम प्रत्येक ठिकाणी करण्याजोगे आहे.

सुप्याच्या शेतकऱ्यांना १८७५ साली सावकाराच्या रोख्यावरील आपली निशाणी पुसण्यासाठी आग हाती घ्यावी लागली, तेव्हा कुठे चार वर्षांनी कायदा आला. आज निशाणी कागदावरून यंत्रात गेली आहे आणि ती जाळून नष्ट होण्यासारखी राहिलेली नाही. म्हणूनच ती ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना कायद्याने, जनतेच्या संघटित दडपणाने आणि न संपणाऱ्या पाठपुराव्याने बांधून घेणे, एवढा एकच मार्ग उरतो. आजवर नागरिकाने शासनाला व बँकेला आपला ठसा दिला. आता त्या ठशाच्या रक्षणाची लेखी हमी त्यांनी नागरिकाला द्यावयाची आहे.